वायुसंपीडन-यंत्रणेतील हवाशीतकांच्या पंख्यांचे वेगनियंत्रण

नैसर्गिक वायू नळवाहिनीतून दूरवर न्यावयाचा तर त्यावर दाब द्यावा लागतो, आणि दाब दिला की तो तापतो. ही उष्णता कोठे तरी टाकून देणे भाग असते. पाणी मुबलक असेल तेथे ती पाण्यात सोडता येते. परंतु वायुक्षेत्रे आणि नळवाहिन्यांवरील संपीडन-केंद्रे बहुधा अशा मुलखात उभी असतात की जेथे पाणी आणणे, ते शुद्ध राखणे आणि थंडीत गोठू न देणे हाच एक स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापासून अशा ठिकाणी हवेने थंड होणारे शीतक रूढ होत गेले. ज्यांच्या अंगावर ॲल्युमिनियमच्या पातळ चकत्या बसविल्या आहेत अशा नळ्यांचा एक जुडगा, त्या नळ्यांतून वाहणारा तप्त वायू, आणि जुडग्याखाली किंवा वर दोन ते पाच मीटर व्यासाचा पंखा, एवढीच या शीतकाची मूळ रचना होय. (प्रस्तुत लेखात ‘वायू’ हा शब्द दाबावयाच्या नैसर्गिक वायूसाठी आणि ‘हवा’ हा शब्द वातावरणातील हवेसाठी योजिला आहे.)

हा पंखा कोणत्या वेगाने फिरवावा, असा प्रश्न आहे. त्याचे सामान्यतः दिले जाणारे उत्तर फार सोपे आहे : वायूचे एक ठराविक निर्गम-उष्णतामान नेमावे, आणि तेवढे राखता येईल इतक्या मंद गतीने पंखा चालवावा, म्हणजे वीज वाचते. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. आणि काही प्रसंगी ते सरळसरळ तोट्याचे ठरते. त्याचे कारण पंख्याच्या नियमांत नसून, थंड झालेल्या वायूचे पुढे काय होते यात आहे.

पंख्याचे नियम प्रसिद्धच आहेत. हवेची घनता तीच असता हवेचा घनप्रवाह वेगाच्या प्रमाणात, पंख्याने निर्माण केलेला दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग शेकडा ८० केला की शक्ती शेकडा ५१ वर येते. वेग निम्मा केला की ती केवळ एकअष्टमांश उरते. या घननियमाची मोहिनी मोठी आहे. वेगनियंत्रणाची शिफारस करणाऱ्या बहुतेक टिपणांत हाच एक आलेख काढलेला असतो, आणि त्याखाली वाचलेल्या किलोवॅट-तासांची बेरीज मांडलेली असते. ज्या यंत्राची उष्णता तो पंखा वाहून नेतो, त्या यंत्राची शक्ती मात्र त्या बेरजेत कोठेच दिसत नाही.

एक उदाहरण आकड्यांत मांडून पाहणे येथे उपयुक्त ठरेल. दोन टप्प्यांचा एक संपीडक घेऊ. प्रत्येक टप्प्यात दाब सुमारे तिप्पट होतो आणि प्रत्येक टप्प्यास १००० किलोवॅट शक्ती लागते असे समजू. पहिल्या टप्प्यातून वायू सुमारे १२० अंश सेल्सियसला बाहेर पडतो. दोन टप्प्यांच्या मधील आंतरशीतकात तो ४० अंशांपर्यंत थंड होतो. बाहेरची हवा ३० अंशांची आहे. वायूकडून घ्यावयाची उष्णता सुमारे १००० किलोवॅट, आणि हवा २५ अंशांनी तापू द्यावयाची, तर दर सेकंदास सुमारे ४० किलोग्रॅम हवा लागते. नळ्यांच्या जुडग्याचा रोध आणि पंख्याची कार्यक्षमता यांचे नेहमीचे आकडे धरता त्यासाठी १२ किलोवॅटचा पंखा पुरतो. पंख्याची शक्ती संपीडकाच्या तुलनेने किती अल्प आहे, ते येथेच लक्षात यावे.

आता पंख्याचा वेग शेकडा ८० केला. पंख्याची शक्ती १२ वरून ६.१ किलोवॅटवर आली, म्हणजे जवळजवळ ६ किलोवॅट वाचले. परंतु हवा कमी झाल्यामुळे वायू पूर्वीइतका थंड होत नाही. एकूण उष्णतारोधापैकी सात-दशांश रोध हवेच्या बाजूस आहे, त्या बाजूचा संक्रमण-गुणक हवेच्या वेगाच्या ०.६ या घातानुसार बदलतो, आणि प्रवाहांची रचना प्रतिप्रवाहाच्या निकट आहे असे धरून गणित केले, तर वायूचे निर्गम-उष्णतामान ४० वरून सुमारे ४३.३ अंशांवर जाते. वाढ केवळ सव्वातीन अंशांची आहे. पण हाच वायू दुसऱ्या टप्प्यात शिरतो, आणि वस्तुमान व दाबगुणोत्तर तेच असता संपीडनाचे कार्य प्रवेशी वायूच्या निरपेक्ष उष्णतामानाच्या प्रमाणात असते. ३१३ निरपेक्ष अंशांवर ३.३ अंशांची वाढ म्हणजे शेकडा एकाहून किंचित अधिक. १००० किलोवॅटवर ती साडेदहा किलोवॅट होते. पंख्यावर सहा वाचविले आणि संपीडकावर साडेदहा घालविले!

वेग निम्मा केला तर हा व्यवहार अधिकच आतबट्ट्याचा होतो. पंख्यावरील बचत साडेदहा किलोवॅटची असते, कारण घननियमाने जे द्यावयाचे ते बहुतेक देऊन टाकलेले असते. वायू मात्र ५२ अंशांच्या वर राहतो आणि दुसऱ्या टप्प्याची शक्ती सुमारे ४० किलोवॅटने वाढते. शिवाय त्या टप्प्याचे निर्गम-उष्णतामान १२२ अंशांवरून १३८ अंशांच्या आसपास चढते. प्रत्यागामी संपीडकांसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ६१८ क्रमांकाच्या मानकात अपेक्षित निर्गम-उष्णतामानाची सर्वसाधारण कमाल मर्यादा सुमारे १५० अंश सेल्सियस आणि हायड्रोजनबहुल वायूंसाठी १३५ अंश ठेवलेली आहे. झडपा, दट्ट्याच्या कड्या आणि वंगणतेल यांचे आयुष्य या आकड्यांशी बांधलेले असते. सिलिंडर ठराविक घनफळच ओढू शकतो, म्हणून वायू उष्ण राहिला की मधला दाबही चढतो आणि पहिल्या टप्प्यावरील भार वाढतो. वरील साध्या हिशेबात तो भाग धरलेलाच नाही.

हे आकडे एका विशिष्ट मांडणीचे आहेत. जुडगा मोठा असेल किंवा संपीडक लहान असेल तर ते बदलतील. पण त्यांतून निघणारे सूत्र व्यापक आहे. पंख्याचा योग्य वेग म्हणजे ज्या वेगास पंख्यावर खर्च होणारा अधिकचा एक किलोवॅट संपीडकाच्या बाजूस नेमका एक किलोवॅट परत मिळवून देतो, तो वेग. नेमलेले उष्णतामान हे या सूत्राचे फार तर एक स्थूल रूप आहे. आणि ते उन्हाळ्यात नेमून वर्षभर तसेच ठेवले, तर ते सूत्राचे रूपही राहत नाही. वरील उदाहरणातील शीतक हिवाळ्यातील १० अंशांच्या रात्री वायूला २२ अंशांपर्यंत उतरवू शकतो. नियंत्रक मात्र ४० अंशांचा आग्रह धरून पंखा मंद करतो, आणि थंड हवेने फुकट देऊ केलेली बचत नाकारतो.

मग आंतरशीतकाचा पंखा नेहमीच पूर्ण वेगाने फिरवावा काय? तसेही नाही, कारण थंडपणाला खालची मर्यादा आहे. वायूत पाण्याची वाफ व जड हायड्रोकार्बने असतात. अतिशीतनाने त्यांचा द्रव बनतो. तो विभाजकात उतरला तर ठीक, पण त्यातून सुटून सिलिंडरात गेला तर झडपा फुटतात. त्याहून कठीण प्रकरण हायड्रेटचे होय. उच्च दाबाखाली पाणी आणि मिथेनसारखे वायू मिळून बर्फासारखा घन पदार्थ बनतो, आणि तो पाण्याच्या गोठणबिंदूच्या पुष्कळ वर बनतो. शुद्ध मिथेनचे हायड्रेट सुमारे ७० बार दाबास १० अंशांनाच तयार होऊ लागते. प्रोपेनसारखे घटक मिसळलेले असले तर ते आणखी उष्ण स्थितीतही बनते. थंडीत वायुवाहिन्या तुंबतात त्या साध्या बर्फाने नव्हे तर हायड्रेटने, हे हॅमरश्मिट यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले, तेव्हापासून हा विषय वायू-अभियांत्रिकीत कायमचा आला.

हवाशीतकात हा धोका दिसतो त्यापेक्षा जवळ असतो. निर्गमनळीवरील उष्णतामापक सर्व नळ्यांतून आलेल्या मिश्रणाचे सरासरी उष्णतामान दाखवितो. पण हवेला प्रथम सामोरी जाणारी नळ्यांची रांग वरच्या रांगांपेक्षा बरीच थंड असते, कारण वरच्या रांगांना मिळणारी हवा आधीच तापलेली असते. सरासरी २२ अंश दिसत असता त्या तळच्या रांगेत वायू हायड्रेटच्या कक्षेत गेलेला असू शकतो. एक नळी तुंबली की तिच्यातील प्रवाह थांबतो, ती आणखी थंड होते, आणि तुंबलेल्या नळ्यांचा वायू इतर नळ्यांतून गेल्याने सरासरी उष्णतामान उलट थोडे चढते. नियंत्रक ते पाहून पंखा अधिक वेगाने फिरवितो! म्हणून थंड प्रदेशात तळच्या रांगेच्या नळ्यांवर स्वतंत्र मापक बसविणे आणि वेगाची खालची मर्यादा त्यांवरून ठरविणे हे अधिक शहाणपणाचे होय.

शेवटच्या टप्प्यानंतरच्या अंत्यशीतकाची गोष्ट निराळी आहे. त्याच्यापुढे संपीडनाचा टप्पा नसतो, नळवाहिनी असते. वायू थंड करण्याचा लाभ तेथेही आहे, कारण ठराविक वस्तुमानाच्या प्रवाहासाठी वाहिनीच्या दोन टोकांच्या दाबांच्या वर्गांतील फरक निरपेक्ष उष्णतामानाच्या प्रमाणात असतो. वायू ५० अंशांऐवजी ४० अंशांवर सोडला तर हा फरक शेकडा सुमारे ३ ने घटतो. परंतु पुरलेल्या वाहिनीत वायू जमिनीला उष्णता देत देत जातो आणि काही दशक किलोमीटरांत तिच्या उष्णतामानाजवळ येतो, म्हणून हा लाभ पहिल्या भागापुरताच उरतो. येथे पंखा मंद करण्यास पुष्कळ वाव आहे. वरची मर्यादा येते ती वाहिनीवरील गंजरोधक लेपाने. लेपाच्या प्रकारानुसार ती ठरते.

या दोन मर्यादा किती निरनिराळ्या हवामानांत सांभाळाव्या लागतात हे पाहण्यासारखे आहे. पश्चिम सैबेरियातील उरेंगॉयहून पश्चिमेकडे जाणारी, १९८० च्या दशकाच्या आरंभी बांधलेली १४२० मिलिमीटर व्यासाची वाहिनी सुमारे ७५ वातावरणांच्या दाबासाठी योजिलेली आहे. तिच्या उत्तरेकडील भागात हिवाळ्यात हवा उणे ४० अंशांच्या खालीही जाते, आणि गोठलेल्या भूमीत पुरलेली वाहिनी उष्ण राहिली तर भोवतालची जमीन वितळून वाहिनीचा आधार ढळतो. भारतात १९८४ साली स्थापन झालेल्या गॅस ॲथॉरिटी ऑफ इंडियाची हजिरा–विजयपूर–जगदीशपूर वाहिनी गुजरात, मध्य प्रदेश व उत्तर प्रदेश यांतून जाते. त्या पट्ट्यात मे महिन्यात हवा ४५ अंशांपर्यंत तापते आणि जानेवारीच्या रात्री ती १० अंशांच्या खाली उतरते. पहिल्या ठिकाणी पंखा बहुधा अडवून धरावा लागतो; दुसऱ्या ठिकाणी उन्हाळी दुपारी पूर्ण वेगही अपुरा पडतो.

घनतेचाही येथे उल्लेख करणे जरूर आहे. उणे ४० अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे शेकडा ३० ने जड असते. एकाच वेगाने फिरणारा पंखा दोन्ही ऋतूंत घनफळ तेवढेच ढकलतो. म्हणजे ज्या वेळी शीतनाची गरज सर्वांत कमी त्याच वेळी तो सर्वांत जास्त वीज ओढतो. पात्यांचा कोन उन्हाळ्यासाठी लावलेला असेल तर हिवाळ्यात मोटरवर अतिभार येतो.

पंख्याचा प्रवाह बदलण्याचे उपाय जुनेच आहेत. काही पंखे चालू व काही बंद ठेवणे हा सर्वांत साधा. मोटरच्या गुंडाळीची जोडणी बदलून ध्रुवसंख्या दुप्पट करावयाची आणि वेग निम्मा करावयाचा, ही युक्ती डाल्हांडर यांनी १८९७ मध्ये शोधिली, व ती आजही वापरात आहे. शीतकावर झडपा बसवून हवा अडविणे हा उपाय उष्णतामान आवरतो, पण शक्ती वाचवीत नाही. फिरत्या पंख्याच्या पात्यांचा कोन हवेच्या दाबाने बदलणारी यंत्रणा शक्तीही वाचविते. मात्र तिच्या पटल-कमानींची देखभाल फार करावी लागते. विद्युत्प्रवाहाची वारंवारता बदलणारे परिवर्तक अर्धवाहक साधनांच्या प्रगतीबरोबर स्वस्त व विश्वसनीय झाले आणि त्यांनी वरील उपायांना बरेच मागे टाकले. परिवर्तक स्वतः सुमारे शेकडा तीन शक्ती खातो, हे मात्र विसरू नये. वर्षातील बहुतेक काळ पूर्ण वेगानेच फिरणाऱ्या पंख्याला तो जोडला तर त्याने तोटाच होतो.

एकाच जुडग्यावर दोन पंखे असतील तर निम्म्या हवेसाठी एक चालू व एक बंद ठेवण्यापेक्षा दोन्ही निम्म्या वेगाने फिरविणे केव्हाही बरे. पहिल्या रीतीत शक्ती निम्मी लागते, दुसरीत एकअष्टमांश. शिवाय बंद पंख्याच्या तोंडातून हवा उलटी गळते, ती वेगळीच. यास्तव वेगनियंत्रण करावयाचे ते सर्व पंख्यांचे एकसमान करावे. एकाला परिवर्तक व दुसऱ्याला साधी कळ, ही काटकसर फसवी असते.

वायुक्षेत्रांतील लहान यंत्रसंचांत याहून बिकट अडचण येते. तेथे संपीडक वायूवर चालणाऱ्या इंजिनाने फिरतो, आणि त्याच इंजिनाच्या दांड्यावरून एकच मोठा पंखा फिरविला जातो. त्या एका पंख्यासमोर इंजिनाच्या आवरणातील पाणी, वंगणतेल, आंतरशीतक आणि अंत्यशीतक असे निरनिराळे जुडगे शेजारी शेजारी मांडलेले असतात. प्रत्येकाची मागणी वेगळी. इंजिनाचे पाणी ८० अंशांच्या आसपास हवे असते, आंतरशीतकाला शक्य तितकी थंडी हवी, अंत्यशीतकाला मध्यम. अशा पंख्याचा वेग एका उष्णतामापकाला बांधणे म्हणजे बाकीच्यांना वाऱ्यावर सोडणे होय. व्यवहारात सर्वांत अधिक मागणी करणाऱ्या जुडग्यावरून वेग ठरवावा आणि इतरांवर झडपा बसवून त्यांची हवा आवरावी, ही रीत समाधानकारक ठरते. पंखा इंजिनापासून सुटा करून विजेवर चालविला तरच असे वेगनियंत्रण शक्य होते. एरवी इंजिन मंदावले की पंखाही मंदावतो.

नियंत्रकाच्या जुळवणीत एक अडथळा नेहमी दुर्लक्षिला जातो. वेग आणि उष्णतामान यांचा संबंध सरळ रेषेचा नाही. वरील उदाहरणात वेग शेकडा १०० वरून ९० वर आणला तर निर्गम-उष्णतामान जेमतेम दीड अंशाने चढते. तोच ५० वरून ४० वर आणला तर साडेपाच अंशांनी. म्हणजे मंद वेगास शीतकाची संवेदनशीलता जवळजवळ चौपट असते. उन्हाळ्यात, पूर्ण वेगाच्या आसपास, जुळविलेला नियंत्रक हिवाळ्यात आंदोलने करू लागतो : पंखा चढतो, वायू अति थंड होतो, पंखा उतरतो, वायू तापतो, आणि हा फेरा थांबत नाही. जुडग्याची धातू व मापकाची म्यान यांमुळे उत्तर उशिरा येते, त्याने आंदोलनाला साहाय्यच होते. उपाय अवघड नाही. नियंत्रकाचा गुणक वेगानुसार बदलता ठेवावा, म्हणजे मंद वेगास तो कमी व्हावा. तसेच पंखा कमाल वेगास पोहोचल्यावरही नियंत्रकातील संकलन चालूच राहिले, तर संध्याकाळी हवा थंड झाल्यावरही पंखा बराच वेळ खाली येत नाही. संकलन तेथे रोखून धरण्याची सोय असावीच लागते.

यांत्रिक बाजूच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. स्थिर वेगाच्या पंख्यात आधाराच्या सांगाड्याची नैसर्गिक कंपने त्या एका वेगापासून दूर ठेवली की भागते. वेग बदलता झाला की पंखा त्या कंपनांतून जातोच. चार पात्यांचा पंखा मिनिटास ३०० फेरे करीत असता दर सेकंदास २० धक्के देतो, १८० फेऱ्यांस १२. सांगाड्याचे कंपन यांच्या मधले असेल तर तो वेग परिवर्तकात वर्ज्य म्हणून नोंदवावा लागतो, म्हणजे पंखा तेथे रेंगाळत नाही. वेग वाढवावयाचा असेल तर पात्याच्या टोकाची गती पाहावी : अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ६६१ क्रमांकाच्या मानकात, ग्राहकाच्या संमतीवाचून ती सेकंदास ६१ मीटरांपेक्षा अधिक नसावी असे म्हटले आहे. तीन मीटर व्यासाच्या पंख्यास ही मर्यादा मिनिटाला सुमारे ३८८ फेऱ्यांशी येते. आवाजाचा लाभ मात्र निःसंशय आहे. वेग शेकडा ८० केला की पंख्याचा आवाज सुमारे ५ डेसिबेलने उतरतो, आणि वस्तीजवळच्या केंद्रांत रात्रीच्या वेळी एवढ्यासाठीही पंखा मंद करणे कित्येकदा इष्ट ठरते. अगदी मंद वेगास मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो. पण तेव्हा भार घननियमाने इतका घटलेला असतो की मोटर तापण्याची भीती फारशी राहत नाही.

बंद पंखे वाऱ्याने किंवा शेजारच्या पंख्यांनी उलट्या दिशेने फिरू लागतात, ही गोष्ट मात्र गंभीरपणे घ्यावयास हवी. उलट फिरणारा पाच मीटर व्यासाचा पंखा एकाएकी सुलट दिशेने चालू केला तर पट्टे तुटतात, क्वचित पात्यांचे बूडही तडकते. परिवर्तकाने आधी पंख्याची गती ओळखावी, तो हळूहळू शून्यावर आणावा आणि मगच सुलट दिशेने चढवावा, अशी योजना करता येते. ती सोय परिवर्तकात बहुधा असते, पण ती जाणून घेऊन मुद्दाम चालू करावी लागते.